एका गुणाचा प्रश्न

दिवाळीचे दोन दिवस मी बहिणीकडे कुरवंड्याला काढतो. लोणावळ्यास येणारी हौशी मंडळी भुशीच्या धरणात पाय भिजवून आणि चिक्कीची पुडकी काखोटीस मारून परत फिरतात. कुरवंडे त्यांच्या वाटेवर येत नाही. नौदलाच्या ‘शिवाजी’ केंद्राच्या अंगाने रस्ता पुढे गेला की हे गाव लागते, आणि गावापुढे थोडे चालले की जमीनच संपते. नागफणीच्या कड्यावर उभे राहावे तो पायाखाली एकदम कोकण! त्या दिवसांत भाताची कापणी चाललेली असते, हवेत पेंढ्याचा वास असतो, आणि रात्री फराळाची ताटे पुढ्यात घेऊन पडवीत बसले की अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते.

गेल्या दिवाळीत असेच बसलो असता, पुण्यास नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने एक मागणी केली. दर गुरुवारी तो आणि त्याच्या कचेरीतले चार मित्र एका पबमध्ये जातात. तेथे ध्वनिक्षेपकावरून कोणी एक जण प्रश्न विचारतो, टेबलाटेबलांवरचे संघ कागदावर उत्तरे लिहितात, आणि ज्यांची उत्तरे अधिक बरोबर येतील त्यांचे त्या रात्रीचे बिल माफ होते. (‘पब’ हा शब्द बहिणीने ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि चकल्यांचा डबा पुढे सरकवला.) पुढल्या खेपेला प्रश्न काढण्याची पाळी भाच्याच्या संघाची होती.

“मामा,” तो म्हणाला, “असं काहीतरी सांगा की ऐकणाऱ्याने म्हटलं पाहिजे, अरेच्चा, हे मला कसं माहीत नव्हतं!”

योग्य माणसाकडेच तो आला होता. कोणी पोस्टाची तिकिटे जमवावीत, कोणी अत्तराच्या कुप्या, तशी मी जन्मभर असली माहिती जमवीत आलो आहे. शाळांतून प्रश्नमंजूषांचा पंच म्हणून मी पुष्कळ वर्षे मिरवलो, आणि माझ्या कपाटात अजून प्रश्नपत्त्यांचा एक लाकडी डबा आहे. पत्त्याच्या एका अंगाला प्रश्न, दुसऱ्या अंगाला उत्तर.

मी म्हटले, “लांब कशाला जायचे? ताटातल्या भातापासून सुरुवात कर.” इंद्रायणी तांदूळ हा मावळाचा. ज्ञानोबा-तुकोबांच्या काळापासून तो येथे पिकत असावा असेच त्या नावावरून कोणालाही वाटते. प्रत्यक्षात हे वाण १९८७ साली प्रसारित झाले. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात ते तयार झाले, आणि त्याच्या आईबापांपैकी एक आपला आंबेमोहोर असला तरी दुसरे ‘आय. आर. ८’ हे फिलिपाइन्समधील संस्थेत जन्मलेले वाण आहे. बहिणीला हे मुळीच पटले नाही. तिचा सासरा हाच भात लावीत असे, असे तिचे म्हणणे. लावीत असतील, पण बहुधा तो आंबेमोहोर असावा.

मग नागफणी. इंग्रजांनी या सुळक्याला ‘ड्यूकचे नाक’ म्हटले, कारण ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या बाकदार नाकाची त्यांना त्यात आठवण झाली. गंमत अशी की, असईची लढाई जिंकणारा हा वेलस्ली १८०५ साली हिंदुस्थान सोडून गेला आणि ड्यूक झाला तो १८१४ साली. म्हणजे तो येथे होता तेव्हा नाक होते, पण ड्यूक नव्हता! आणि गुराख्यांनी फणा ओळखला होता तो त्या नाकाच्या पुष्कळ आधी.

याच गावावरून उतरणाऱ्या घाटाने शाएस्ताखानाचा सरदार कारतलबखान कोकणात उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कचाट्यात सापडला, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्या मोगली फौजेत शहाणपणाचा शब्द कोणी सांगितला, असे विचारले तर पुष्कळांची दांडी उडते. ती रायबागन, माहूरच्या देशमुख घराण्यातील एक स्त्री. खानाने शरण जावे हा सल्ला तिचा, असे ‘शिवभारता’त आले आहे. आणि बोरघाटातून वर चढणारा आगगाडीचा मार्ग, जो १८६३ साली खुला झाला, त्याचे काम शेवटास कोणाच्या नावावर गेले? तेही एका बाईच्या. सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या कंत्राटदाराने १८५९ साली काम हाती घेतले आणि येथे पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. कंत्राट त्याच्या पत्नीने, ॲलिसने, आपल्याकडे घेतले आणि दोघा अनुभवी इंजिनियरांच्या हाती कारभार देऊन तडीस नेले.

भाचा भराभर मोबाइलवर उतरवून घेत होता. माझी कळी खुलली होती.

असल्या फुटकळ माहितीला नाक मुरडणारे पुष्कळ असतात. “याचा उपयोग काय?” असे ते विचारतात. मला हा प्रश्न कधीच कळला नाही. पाहुण्याला दिलेल्या वेलदोड्याचा उपयोग काय? ज्या गोष्टीवरून आपण रोज चालत गेलो तिच्याखाली काहीतरी निराळे होते, हे कळल्यावर मनाला जो एक गोड हिसका बसतो तो मला जेवणाइतकाच आवश्यक वाटतो. आणि ही आवड काही पबवाल्यांनी आणलेली नाही. आपल्याकडे पार होते, आणि पारावर कलगी-तुऱ्याचे सामने रात्र रात्र रंगत. एका बाजूला शक्तीला थोर मानणारे कलगीवाले, दुसऱ्या बाजूला शिवाला थोर मानणारे तुरेवाले. डफावर थाप मारून एका शाहिराने पुराणातले कूट घालावे आणि दुसऱ्याने कवनातच त्याचा भेद करावा. न सुटले तर साऱ्या गावासमोर मान खाली. घरोघरच्या बायका भरल्या घरात एकमेकींना उखाणे आणि कोडी घालीत, त्यातही हेच.

याहून जुनी साक्ष हवी असेल तर ती महाभारताच्या वनपर्वात आहे. तळ्याकाठचा यक्ष पांडवांना जे प्रश्न विचारतो त्यांतील सारे काही धर्माचे आणि मोक्षाचे नाहीत. झोपला तरी डोळे मिटत नाही तो कोण? मासा. जन्माला आले तरी हालत नाही ते काय? अंडे. हृदय कोणाला नाही? दगडाला. वेगाने कोण वाढते? नदी. ही तर उघड उघड प्रश्नमंजूषा झाली! फरक इतकाच की, तेथे बिल माफ होत नव्हते. चार भाऊ मरून पडले होते.

भाच्याला हे आवडले. “मामा, नदी वाढते म्हणालात. नदीवर एखादा द्या ना.”

आता, कुरवंड्यात बसून नदीवर प्रश्न काढायचा म्हणजे इंद्रायणी आलीच, कारण ती येथेच उगम पावते. अरबी समुद्र येथून पन्नास-साठ किलोमीटरांवर असेल. आकाश स्वच्छ असले की कड्यावरून पश्चिमेची खाडी दिसल्याचा भास होतो. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते. ती देहूवरून आळंदीला जाते, तुळापुरास भीमेला मिळते, भीमा पंढरपुरावरून रायचूरच्या बाजूला कृष्णेत शिरते, आणि हजाराहून अधिक किलोमीटर चालून हे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. यातली आणखी एक मौज म्हणजे आषाढीच्या वारीस आळंदीहून पंढरपूरला दोन वारकरी निघतात. एक पालखी, ती दिवेघाट चढून जेजुरी, फलटण अशी जाते. दुसरे इंद्रायणीचे पाणी. ते तुळापूर आणि उजनी अशा निराळ्याच वाटेने जाते. दोघांची गाठ पडते ती चंद्रभागेत.

हे सांगता सांगता मी थांबलो. त्याच्यापुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता, आणि तो मी वीस-बावीस वर्षांत कोणाला घातला नव्हता.

तालुक्यातल्या एका शाळेत आंतरशालेय प्रश्नमंजूषा होती. प्रश्नही मीच काढलेले आणि पंचही मीच. दोन संघ बरोबरीत आले आणि शेवटचा एका गुणाचा प्रश्न उरला. मी डब्यातून माझा आवडता पत्ता काढला: “इंद्रायणीचे पाणी अखेर कोणत्या समुद्रास मिळते?” हा पत्ता आवडता अशासाठी की, तो सापळा होता. लोणावळ्याहून जवळचा समुद्र कोणता, हे मुलाला ठाऊक असते. घाईत तो ‘अरबी समुद्र’ म्हणणार, आणि मग मी त्याला खाली बसवून देहू-आळंदी-पंढरपुरासह त्या नदीचा सारा प्रवास रसभरित सांगणार. हे व्याख्यान मी अनेक ठिकाणी दिले होते आणि ते नेहमी रंगत असे.

अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा उठला. म्हणाला, “अरबी समुद्र.”

“चूक,” मी म्हटले, आणि व्याख्यानास आरंभ करणार तो मुलगा खाली बसेना. तो अडखळत म्हणाला, “सर, वळवणचं पाणी खोपोलीला जातं. माझ्या वडलांनी दाखवलंय.”

मी हसून म्हटले, “बाळ, प्रश्न नदीचा आहे, नळाचा नाही.”

सारे सभागृह हसले. टाळ्याही पडल्या असे वाटते. मुलगा बसला. त्या एका गुणाने त्याचा संघ हरला.

आता खरी गोष्ट सांगायची तर, त्याच दिवशी, त्याच डब्यातून, दहा-बारा पत्ते आधी मी एक प्रश्न विचारला होता: “टाटांचे पहिले जलविद्युत केंद्र कोठे आणि केव्हा सुरू झाले?” उत्तर, खोपोली, १९१५. त्या उत्तरामागची हकीकतही मला पाठ होती. सह्याद्रीच्या माथ्यावर अफाट पाऊस पडतो आणि पूर्वेकडे वाहून जातो. त्याला माथ्यावरच अडवावे, डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे वळवावे आणि कड्याखाली सोडावे, म्हणजे पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून कोसळणारी धार यंत्रांना मिळते. जमशेटजी टाटांच्या हयातीत ही योजना निघाली. ते १९०४ साली गेले. १९११ साली लोणावळ्यास कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी अडवले गेले, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. वळवणचे धरण इंद्रायणीवरच आहे. खोपोलीची चक्रे फिरवून झाली की हे पाणी पाताळगंगेत पडते, आणि पाताळगंगा कोठे जाते हे सांगायला माझी गरज नाही. म्हणजे कुरवंड्याच्या माथ्यावरच्या पावसाला दोन समुद्र आहेत. जे पाणी सुटेल ते पंढरपूरला, जे अडेल ते अरबी समुद्राला. खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे ते जाडजूड नळ मी घाटातून जाता-येता शेकडो वेळा पाहिले होते.

तेव्हा, मला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही. दोन्ही पत्ते माझ्याच हस्ताक्षरातले होते. दोन्हींवर मी गुण दिले होते. फक्त एका पत्त्याने दुसऱ्या पत्त्याची कधी गाठ घेतली नव्हती. जे मी चाळीस वर्षे वाचून केले नाही, ते त्या पोराने बापाचे बोट धरून केले, आणि त्याबद्दल मी त्याचा गुण कापला.

पुढे पुष्कळदा मी स्वतःशी वाद घातला आहे. स्पर्धेला नियम असतात. पंचाने पत्त्यावरच्या उत्तराला चिकटून राहिले नाही तर प्रत्येक मूल हुज्जत घालील. आणि भूगोलाच्या पुस्तकातही बंगालचा उपसागरच आहे. हे सारे खरे आहे. यातले कोणतेही कारण त्या वेळी माझ्या मनात नव्हते, हेही खरे आहे. त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट होती: माझे व्याख्यान. आश्चर्याची वस्तू माझ्याजवळ होती, ती मला सभेला दाखवायची होती, आणि त्यासाठी कोणीतरी आधी चुकणे भाग होते. मुलगा चुकला नाही असे ठरले असते तर माझा सापळा रिकामाच राहिला असता.

येथे मला असल्या माहितीच्या सुखातली एक खोच दिसते. ती अंगावर काटा आणील इतकी मोठी नाही, पण आहे. “हे बघ, केवढे नवल!” असे म्हणून आपण दुसऱ्याला कड्यापाशी नेतो तेव्हा आपण दोघेही त्याच दरीत पाहत असतो. “सांग पाहू, काय ते?” असे म्हणतो तेव्हा एक जण पाहत असतो आणि दुसरा पाहिला जात असतो. शब्द जवळजवळ तेच, माहिती तीच. घरातल्या कोड्यांत ही दुसरी गोष्ट पहिलीत सहज विरघळते, कारण हरणारी नणंदच घटकाभराने भावजयीला कोडे घालते. पंचाचे तसे नसते. त्याला कोणी उलट विचारीत नाही, आणि विचारलेच तर तो हशा पिकवून मोकळा होतो.

आणि प्रश्न तरी आपण कशाकशाचे करतो? ज्याला एक नाव आहे त्याचेच. पत्त्याच्या मागच्या अंगावर मावेल एवढेच ज्ञान डब्यात येते. बोरघाटाच्या रेल्वेचा प्रश्न मी ॲलिस ट्रेडवेलवर काढला, कारण तिला नाव होते. त्या घाटात १८६१ च्या सुमारास एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर खपत होते. पटकीने आणि तापाने, सुरुंगांनी आणि कड्यावरून पडून त्यांतले किती गेले त्यांचा हिशेब धडपणे कोणी ठेवला नाही. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून १८५९ साली त्यांनी दंगाही केला होता. या माणसांवर मी आजवर एकही पत्ता काढलेला नाही. काढणार कसा? उत्तराच्या जागी काय लिहू?

पाण्याचेही तेच. मुळशीच्या प्रश्नात मी नेहमी विचारीत असे की, पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ कशामुळे झाले. उत्तर, मुळशी सत्याग्रह, १९२१ ते १९२४. टाळ्या. पण तो सत्याग्रह याच युक्तीविरुद्ध होता. खोपोलीस जे झाले तेच पुढे भिवपुरीस आणि भिऱ्यास झाले. माथ्यावरचे पाणी अडवून कड्याखाली सोडायचे, तर माथ्यावर तळे करावे लागते, आणि सह्याद्रीच्या खोऱ्यात तळ्याची जागा म्हणजे भाताची खाचरे आणि गावठाणे. मुळशीचे मावळे आपली शेते वाचवायला धरणाच्या कामावर जाऊन बसले, तुरुंगात गेले आणि हरले. मुंबईत दिवे लागले. मी त्या विजेच्या विरुद्ध मुळीच नाही. तिच्यावर गिरण्या चालल्या, आणि गिरण्यांवर कोकणातली आणि घाटावरची किती घरे जगली. परंतु ही दोन्ही वाक्ये एकत्र बोलली गेली पाहिजेत, आणि माझ्या डब्यात ती नेहमी निरनिराळ्या पत्त्यांवर राहिली. भीमेच्या काठचा शेतकरी आज विचारतो, आमच्या नदीचे पाणी उलट दिशेने का जाते? कृष्णेच्या पाण्याचा लवाद बसला तेव्हा त्यालाही या पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याचा विचार करावा लागला. त्या मुलाने केवढ्या मोठ्या तंट्यावर बोट ठेवले होते हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. मला होते.

यक्षाच्या गोष्टीत एक तपशील आहे, तिकडे मी पुष्कळ वर्षे लक्ष दिले नाही. युधिष्ठिराने सारी उत्तरे बरोबर दिल्यावर यक्ष म्हणतो, चारांपैकी एकच भाऊ तुला परत देतो, कोणता हवा? येथे पत्त्यामागे उत्तर लिहिलेले नाही. राज्य मिळवायचे तर भीम हवा, किंवा अर्जुन. युधिष्ठिर नकुलाला मागतो, कारण कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, तर माद्रीचाही एक असावा. तेव्हा कोठे यक्ष प्रसन्न होऊन चौघांनाही उठवतो. मासा, अंडे, दगड आणि नदी यांची उत्तरे देणाऱ्याच तोंडाने त्याला हे म्हणता आले, याचे मला हल्ली फार अप्रूप वाटते. मला ते एका गुणापुरतेही जमले नव्हते.

यातले सगळे मी त्या रात्री पडवीत सांगितले नाही. मुलाची हकीकत तेवढी सांगितली. बहीण मध्येच उठून आत गेली होती, तीही उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे मामा, उत्तर काय लिहू? दोन्ही?”

“दोन्ही.”

“दोन उत्तरांचा प्रश्न पबात चालत नाही. भांडणं होतात.” त्याने थोडा विचार केला. “तरी घालतो. जे अरबी समुद्र म्हणतील त्यांना कारण विचारीन.”

“आणि बंगालचा उपसागर म्हणतील त्यांना?”

“त्यांनाही.”

मी म्हटले, छान. बहिणीने करंज्या आणल्या. उद्या सकाळी लवकर उठून नागफणीवर जायचे ठरले; धुके नसेल तर खोपोलीपर्यंतचा मुलूख दिसतो. झोपायला उठता उठता भाच्याने विचारले, “मामा, त्या मुलाचं नाव काय होतं? आता तिशी ओलांडली असेल त्याने. शोधता येईल.”

मी आठवून पाहिले. चेहरा आठवला, सदऱ्याचे वरचे बटण तुटलेले होते तेही आठवले. गुणपत्रकावर आम्ही नावे लिहीत नव्हतो, नुसती संघांची अक्षरे लिहीत होतो. त्याचा संघ ‘क’ होता.